जोतीरामनं भरलेली टाकी

आमच्या साखर कारखान्याला धावपट्टी होती, विमान नव्हतं. १९९१ साली शेजारच्या कारखान्यानं पोहण्याचा तलाव बांधला आणि आमचे चेअरमन गणपतराव यांची झोप उडाली. सभासदांना पोहायला सवड नव्हती, उडायला तर त्याहून नव्हती. तरी वार्षिक सभेत हात वर झाले आणि जयसिंगपूरच्या रस्त्यालगतच्या माळावर नऊशे मीटरची मुरमाची पट्टी तयार झाली. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावरून म्हशी ओढ्याला जायला लागल्या.

मी तिथं कामगार कल्याण अधिकारी होतो. कामगारांचं कल्याण सोडून बाकी सगळं माझ्याकडं असायचं. फेटे, हार, कमानी, स्वागतगीत, पाहुण्यांचं जेवण. आमच्याकडं बोअरला पाणी लागलं तरी सत्कार व्हायचा आणि नाही लागलं तर प्रयत्नांबद्दल व्हायचा. या कामाचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

१९९४ साली या धावपट्टीवर जोतीरामची बदली झाली. त्याआधी सोळा वर्षं तो वजनकाट्यावर होता. बुटका, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची टोपी, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूचं वजन माहीत असल्यासारखा चेहरा. बाजारात बायको बयाबाईनं वांगी घेतली की हा पिशवी हातात तोलून बघायचा आणि म्हणायचा, “पन्नास ग्रॅम कमी हाय.” मग परत तागडी. पन्नास ग्रॅम कमीच निघायचं. भाजीवाल्या बायका त्याला लांबून बघूनच पदर तोंडाला लावायच्या.

असा माणूस काट्यावर असणं कारखान्याला परवडणारं नव्हतं. त्या वर्षी निवडणुकीत ज्यांनी गणपतरावांच्या विरोधात काम केलं, त्यांच्या उसाच्या गाड्या जरा हलक्या भराव्यात अशी वरून इच्छा आली. तोंडी आली, कारण अशा इच्छा कागदावर येत नाहीत. जोतीरामनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काटा लोखंडाचा हाय. त्येला पार्टी कळत न्हाई.” आठ दिवसांत त्याच्या हातात आदेश पडला. धावपट्टी पर्यवेक्षक. विमान नसलेल्या धावपट्टीवर पर्यवेक्षण कशाचं करायचं, ते आदेशात नव्हतं.

दुसरा कुणी असता तर आंब्याखाली झोपला असता. जोतीरामनं पहिल्या आठवड्यात साखळी आणून पट्टी मोजली आणि कार्यालयाला पत्र लिहिलं की धावपट्टी नऊशे मीटर नसून आठशे बासष्ट आहे. उरलेले अडतीस मीटर कंत्राटदाराच्या घरापुढच्या अंगणात गेले होते, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पत्र फायलीला लागलं. जोतीराम पुढची आठ वर्षं पट्टीवरचे दगड वेचत, खड्डे बुजवत आणि म्हशी हाकत राहिला. आम्ही कार्यालयात चहा पिताना त्याला ‘एअर मार्शल’ म्हणायचो. नाव मीच पाडलं होतं.

मग २००२ च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला. पानाच्या खालच्या अंगाला कापूस चिकटावा तशी कीड. माणूस उसात शिरला की पांढरा होऊन बाहेर यायचा. शेतकरी हवालदिल झाला आणि गणपतरावांचा चेहरा मात्र खुलला. अकरा वर्षांनी धावपट्टीला कारण सापडलं होतं, आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती.

ऑक्टोबरात एका कंपनीचं फवारणीचं विमान ठेक्यानं आलं. पिवळं, एकाच माणसाला बसायची जागा, आणि त्याच्या पुढ्यात औषधाची सहाशे लिटरची टाकी. वैमानिक राजशेखर बेळगावकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. उतरल्याउतरल्या त्यानं विचारलं, “पट्टी किती हो?” आमच्या इंजिनिअरनं छाती काढून नऊशे सांगितलं. मागून जोतीराम म्हणाला, “कागदावर नऊशे. जिमिनीवर आठशे बासष्ट.” राजशेखरनं वळून या टोपीवाल्याकडं नीट पाहिलं. त्या दिवसापासून तो फक्त जोतीरामला विचारायचा.

दोघांचं जमलं, कारण दोघांचा धंदा वजनाचाच होता. राजशेखरनं त्याला शिकवलं की सकाळच्या थंड हवेत विमानाला आधार मिळतो. दुपारी उन्हानं हवा पातळ होते, मग तेवढंच वजन घेऊन तेच विमान कितीतरी जास्त पळतं तेव्हा कुठं उठतं. वारा नेहमी तोंडावर घ्यायचा, पाठीवर घेतला की पट्टी संपते आणि विमान जमिनीवरच असतं. म्हणून तो सकाळी सात ते नऊ एवढंच उडायचा, टाकीत चारशे लिटर घ्यायचा आणि पश्चिमेकडं उठायचा, कारण तिकडं मोकळा माळ होता आणि खाली माणूस नव्हता. बसायच्या जागेजवळ एक लाल दांडा होता. उठल्यावर विमान जड वाटलं तर तो ओढायचा, पाचेक सेकंदांत सगळं औषध खाली आणि विमान हलकं.

जोतीराम रोज पहाटे पट्टीच्या मध्यावर फक्कीची आडवी पांढरी रेषा मारायचा, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. त्या रेषेपर्यंत शेपूट उचललं नाही तर उडायचं नाही, थांबायचं, असा त्यांचा करार होता. कबनूरच्या मेहुण्यानं मागावरचं टाकाऊ कापड दिलं होतं, त्याची लांब पिशवी शिवून त्यानं बांबूवर लावली होती. वारा कुठला ते ती दाखवायची. औषध मापाच्या वीस लिटरच्या डब्यानं टाकीत जायचं, आणि जोतीराम खळ्यावर धान्य मोजावं तसं मोठ्यानं मोजायचा. पहिल्या डब्याला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा. लाभ, दोन, तीन. वीस झाले की राजशेखर हात वर करायचा, “साकु मामा, साकु.” मामा थांबायचा.

असं आठ दिवस चाललं. मावा मरत होता, पण अनधिकृतपणे, कारण अजून उद्घाटन झालं नव्हतं.

उद्घाटन माझ्याकडं होतं. पत्रिकेत सकाळी आठची वेळ होती, म्हणून राजशेखरनं होकार दिला. आमच्याकडं आठ म्हणजे बारा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मंडप मी पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला घातला, कारण तिथं रस्ता होता आणि मोटारींना धूळ लागत नव्हती. मंडपाच्या पुढं, पट्टीच्या तोंडावरच, अठरा फूट उंचीची कमान उभारली. वर अक्षरं: ‘लोकरी माव्यावर हवाई हल्ला’. खाली गणपतरावांचा फोटो, दोन्ही बाजूंना पताका. विमानानं या कमानीवरून, व्यासपीठावरून, सभासदांच्या डोक्यावरून झेप घ्यायची, म्हणजे फोटोग्राफरला एकाच फोटोत चेअरमन आणि विमान दोन्ही मिळतील. ही कल्पनाही माझीच. त्या बांबूवरची कापडी पिशवी आमच्या पोरांनी उतरवून ठेवली आणि बांबूला कर्णा बांधला.

दहाला पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा मिरवत पट्टीवरूनच आला आणि फक्कीची रेषा पुसून गेला. जोतीराम परत रेषा मारायला गेला तर स्वयंसेवकांनी हुसकला, अजून गाड्या यायच्या आहेत म्हणून. अकराला तो मला शोधत आला. टोपी घामानं भिजली होती.

“सायेब, कमान काढा.”

“का?”

“इमान हिकडं तोंड करून उठणार म्हंत्यात. वारा पश्चिमेचा सुटलाय. पाठीवर वारा घिऊन ह्या उनात उठायचं न्हाई त्ये.”

“कमान अठरा फुटांची आहे. विमान आकाशात जातं, जोतीराम.”

“आकाशात जाईपतोर जिमिनीवरच असतंय की.”

मी हसलो. शेजारी उभे असलेले दोघेतिघे हसले. जोतीराम हसला नाही. तो मंडपाकडं बघत होता. कमानीच्या बरोबर मागं स्वागतगीताच्या मुली बसल्या होत्या, त्यात माझी पूर्णिमा होती, सातवीतली. त्यांच्या मागं बायका, मग गडीमाणसं, सगळी मिळून दीड हजार तरी असतील.

“आणि जड झालं तर कॅप्टन दांडा कुटं वढणार? खाली ही पोरं हाईत,” तो म्हणाला.

“एअर मार्शल, काट्याचं तुम्ही बघा. मंडपाचं मला बघू द्या,” मी म्हणालो आणि फेटेवाल्याकडं वळलो. तो विमानाकडं चालायला लागला.

गणपतराव साडेबाराला आले. भाषणं सुरू झाली. राजशेखरनं आधी आपल्या कंपनीच्या मालकाला गाठलं, तो व्यासपीठावर फेटा बांधून बसला होता. उडायचं तर पश्चिमेकडं, नाहीतर उद्या सकाळी, असं राजशेखर म्हणाला. मालकानं हसत हसत सांगितलं की तुला जमत नसेल तर दुसरा पायलट सांगलीत थांबलाय, तासाभरात येईल. हे राजशेखरनं जोतीरामला येऊन सांगितलं तेव्हा मी जवळच नारळ मोजत होतो. “तो दुसरा चोवीस वर्षांचा आहे मामा,” तो म्हणाला. “पहिलीच नोकरी. तो भरलेली टाकी घेऊन जाईल आणि मरेल. त्यापेक्षा मी जातो. निम्मी टाकी तरी मागून बघतो.”

त्यानं व्यासपीठावर जाऊन गणपतरावांच्या कानाशी निम्म्या टाकीचं विचारलं. गणपतरावांच्या तोंडासमोर माइक होता, आणि माइक दिसला की ते हळू बोलूच शकत नसत.

“निम्मी टाकी? अवो पावणं, हितं सभासद बसल्यात. निम्मं औषध मारून निम्मा मावा मारायचा व्हय? भरा काठोकाठ. आमच्या कारखान्यात मापात कमी चालत न्हाई.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर ज्यांचा ऊस दर हंगामात हलका भरायचा, तेही टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

औषधाची तीन पिंपं हळदकुंकू लावून, हार घालून मांडली होती. दोनशे लिटरचं एक, म्हणजे सहाशे. जोतीराम पिंपाच्या तोटीशी बसला. केरबा नावाचा म्हातारा हमाल डबा उचलून शिडीवर चढायचा आणि टाकीत ओतायचा. कर्णा जवळच होता, त्यामुळं जोतीरामचा आवाज माळभर जात होता. लाभ. दोन. तीन. लोक त्याच्याबरोबर मोजायला लागले, लग्नात उखाणे ऐकावेत तशा उत्साहानं. चौथ्या डब्याला केरबा शिडीखाली क्षणभर थांबला, डबा हातात तोलला, जोतीरामकडं पाहिलं. जोतीराम खाली बघून पुढचा डबा भरत होता. केरबा शिडी चढला. तीस डबे झाले. मंडपानं तीस म्हणून गजर केला.

राजशेखर आत बसला. त्याच्यासमोर टाकीतल्या औषधाचं माप दाखवणारा काटा होता. त्यानं तो पाहिला, मग मान वळवून जोतीरामला पाहिलं. जोतीराम हात पाठीमागं बांधून उभा होता. राजशेखरनं काच ओढून घेतली.

दुपारचा दीड वाजला होता. विमान सावकाश पश्चिमेच्या टोकाला गेलं, तिथं वळलं आणि आमच्या दिशेनं यायला लागलं. मला वाटलं होतं ते येता येता उचलेल. ते येतच राहिलं. ज्या जागी फक्कीची रेषा असायची तिथून ते गेलं तेव्हा शेपूट नुकतंच कुठं उचललं होतं. मुलींचं स्वागतगीत चालू होतं. विमानाचं तोंड मोठं मोठं होत गेलं, आवाजानं गीत बुडालं, आणि चाकं अजून मुरमावरच होती. तेव्हा मला पहिल्यांदा कमान दिसली. म्हणजे ती मीच उभी केली होती, पण ती कुठं उभी आहे हे तेव्हा दिसलं. मी पूर्णिमाला हाक मारली. माझी मलाच ऐकू आली नाही.

कमानीच्या अलीकडं चाकं सुटली. विमान कसंबसं वर खेचलं गेलं, चाकानं पताकांची एक दोरी तोडून नेली, आणि मंडपाचं कापड फडफडवत ते पलीकडं गेलं. माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मुली कान दाबून हसत होत्या. गणपतराव माइकवर म्हणाले, “बघा, कशी सलामी दिली.” फोटोग्राफरला फोटो मिळाला.

फवारणी करून राजशेखर पश्चिमेकडून उतरला, परत मंडपावरून यायला नको म्हणून. चाकाला पताका गुंडाळलेलीच होती. तो चालत आला आणि मला म्हणाला, “टाकी भरलेली असती तर मी तुमच्या कमानीत शिरलो असतो. तिच्या मागं मुलं होती ना?” मी मान हलवली. “मामानं किती भरलं ते विचारू नका,” तो म्हणाला आणि पाणी मागितलं.

विचारायची गरज पडली नाही. गणपतरावांना रिकाम्या पिंपांसोबत फोटो काढायचा होता. ते पिंपांपाशी गेले आणि तिसऱ्या पिंपाला टेकले. ते हललं नाही. हार, हळदकुंकू, झाकणाचं सील, सगळं जागच्या जागी होतं. जोतीरामनं तीसच्या तीस डबे मोजले होते, पण एकही डबा पूर्ण भरला नव्हता. सोळा वर्षं काट्यावर एक किलो इकडचं तिकडं न करणाऱ्या माणसानं दीड हजार सभासदांसमोर, कर्ण्यावर ओरडून माप मारलं होतं.

औषध चोरायचा डाव, असा आरोप ठेवला. राजशेखर आपणहून कार्यालयात आला आणि खरं काय ते सांगून गेला. आम्ही ते लिहून घेतलं नाही. चार दिवसांनी त्याच्या कंपनीनं त्याला परत बोलावलं. चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण कामगारांचं कल्याण माझ्याकडं होतं.

जोतीरामच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तो आणि बयाबाई कारखान्याच्या चाळीत राहायचे. गणपतराव दुष्ट नव्हते, त्यांना फक्त चूक आपली नाही असा एक कागद हवा होता. त्यांनी मला सांगितलं की चुकून कमी भरलं एवढं लिहून दिलं तर ताकीद देऊन सोडू. मी कागद तयार करून जोतीरामपुढं ठेवला. बयाबाई दाराशी उभी होती. जोतीरामनं चष्मा पुसून कागद वाचला.

“चुकून न्हाई सायेब. मोजून कमी भरलंय.”

“जोतीराम, एका शब्दाचा प्रश्न आहे. घर जाईल.”

“म्हाईत हाय.”

“पूर्णिमा तिथं होती,” मी म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळत नाही. कदाचित उपकार मानायचे होते आणि ते कार्यालयीन भाषेत येत नव्हते.

“व्हय. दिसलीती मला,” जोतीराम म्हणाला. “म्हणून तर मोजून भरलं. चुकून म्हणलं तर उद्या दुसरा कुणी काठोकाठ भरंल, आणि तुमी कमान परत तिथंच लावशीला.”

मी बयाबाईकडं पाहिलं, ती तरी समजावेल म्हणून. ती म्हणाली, “त्यांनी मोजल्यालं कवा चुकलंय?”

त्या वेळी मी उठून गणपतरावांकडं जायला हवं होतं. कमान माझी, मंडपाची जागा माझी, उतरवलेली कापडी पिशवी माझ्या माणसांची, हे सगळं एका कागदावर मावलं असतं. मी गेलो नाही. मला माझं घर होतं, आणि तेही कारखान्याच्याच चाळीत होतं. मी दुसरा कागद घेतला आणि आदेश लिहिला. धावपट्टीवर औषधाच्या मापात हेतुपुरस्सर कसूर केल्याबद्दल, दोनशे लिटर औषध कमी भरल्याबद्दल, सेवेतून बडतर्फ. सील असलेलं पिंप दोनशेचं होतं, तेवढाच आकडा माझ्यासमोर होता.

जोतीरामनं आदेश सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. सही करायला पेन उघडलं आणि थांबला. मला वाटलं, आता तरी हा विनंती करेल. त्यानं कागद माझ्याकडं सरकवला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

“दोनशे न्हाई. दुसऱ्या पिंपात चाळीस उरल्यालं. दोनशे चाळीस लिवा.”

मी दोनशे खोडून वर दोनशे चाळीस लिहिलं. मग त्यानं खाली सही केली.